भाव, इसार आणि कागद: चित्र विकण्याआधी काय ठरवून ठेवावं

"केवढ्याला देणार?" असं कुणी विचारलं की पुष्कळ चित्रकार समोरच्या माणसाकडे बघून आकडा सांगतात. मग भिडेखातर त्यातले दोन-तीन हजार स्वतःच कमी करतात, समोरच्याने घासाघीस सुरू करण्याआधीच. आकडा आधी ठरलेला नसतो म्हणून हे होतं. चित्रांवर घर चालवणाऱ्यांचे पैसे मंदीपेक्षा अशा न ठरलेल्या गोष्टींत जास्त बुडतात, असं माझं मत आहे. भाव काय, गॅलरीचा वाटा किती, ऑर्डरमध्ये बदल किती वेळा, चित्राचे हक्क कुणाकडे, उरलेले पैसे कधी मिळणार, हे सगळं गिऱ्हाईक समोर येण्याआधी कागदावर असायला हवं.

तासाचा दर आणि चौरस इंचाचा दर

सुरुवात महिन्याच्या खर्चापासून करायची. समजा घरासाठी महिन्याला 40,000 रुपये लागतात आणि स्टुडिओचं भाडं, वीज, फोन, प्रवास मिळून 14,000. म्हणजे कामातून 54,000 निघायला हवेत. आता तास मोजा. महिन्याचे 26 दिवस रोज सहा तास धरले तर 156 तास होतात, पण हे सगळे तास ब्रश हातात नसतो. सामान आणणं, फ्रेमवाल्याकडे चकरा, फोटो, फोन, पॅकिंग यात बराच वेळ जातो. प्रत्यक्ष चित्रावरचे तास 90 धरले तर तासाचा दर 600 रुपये येतो. 156 ने भागलं तर तो 346 दिसतो, आणि इथेच पहिली चूक होते. चकरांचे तासही त्या 54,000 मधूनच निघायचे असतात, त्यांचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

24×36 इंचाचं ॲक्रिलिक घ्या. 22 तास लागले तर 13,200 रुपये मेहनतीचे. कॅनव्हास, रंग, वार्निश मिळून 2,400 धरू. बेरीज 15,600. एवढे पैसे तुमच्या हातात पडले पाहिजेत, ही तळरेषा.

गॅलरी 40 टक्के घेत असेल तर विक्रीची किंमत किती? बहुतेकजण 15,600 मध्ये 40 टक्के मिळवतात आणि 21,840 सांगतात. पण गॅलरीचे 40 टक्के विक्रीच्या किमतीवर कापले जातात. 21,840 मधून 8,736 गेले की हातात 13,104 उरतात. सामानाचे पैसे गेलेच, शिवाय मेहनतीतलेही शंभर रुपये गेले. बरोबर हिशेब भागाकाराचा आहे: 15,600 भागिले 0.6, म्हणजे 26,000. गॅलरीचा वाटा 33 टक्के असेल तर 0.67 ने भागा, 50 असेल तर 0.5 ने.

पण प्रत्येक चित्राचा भाव तासांवरून सांगता येत नाही. एकाच आकाराची दोन चित्रं शेजारी लावून एक 18,000 ला आणि दुसरं 31,000 ला ठेवलं तर गिऱ्हाईक गोंधळतं, आणि "याला जास्त वेळ लागला" या उत्तराने त्याचं समाधान होत नाही. म्हणून तासांचा हिशेब आपल्या वहीत ठेवायचा आणि बाहेर आकारावरचा दर सांगायचा. 24×36 म्हणजे 864 चौरस इंच. 26,000 ला 864 ने भागलं की चौरस इंचाला साधारण 30 रुपये येतात.

हाच दर सगळ्या आकारांना लावला तर दोन्ही टोकांना फसतो. 8×10 चं चित्र 80 चौरस इंचाचं, 30 रुपयांनी 2,400 होतात. त्याला पाच तास लागले असतील तर मेहनतच 3,000 ची झाली. उलट 48×60 चं चित्र 86,400 वर जातं आणि नव्या चित्रकाराकडून ते सहसा उठत नाही. मी छोट्या आकारांना दुप्पट दर आणि मोठ्यांना वीस टक्के कमी दर सुचवेन: 8×10 ला 60 रुपयांनी 4,800, 48×60 ला 24 रुपयांनी सुमारे 69,000. लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिच्यावर दर लावायचीही पद्धत आहे. त्यात 24×36 चे 60 इंच होतात आणि इंचाला 433 रुपये पडतात. पण मग 8×10 एकदम 7,800 ला जातं आणि 48×60 अवघ्या 46,800 ला येतं. ज्यांची विक्री मुख्यतः लहान चित्रांची आहे त्यांचे भाव या पद्धतीने गिऱ्हाईकासाठी फार चढतात.

26,000 ला तुमचं चित्र आज जात नसेल तर काय? तासाचा दर उतरवा, पण सूत्र मोडू नका. तासाला 300 धरले तर मेहनत 6,600, सामान 2,400, बेरीज 9,000, आणि 0.6 ने भागून 15,000. आता तुम्हाला माहीत असतं की आपण स्वतःला तासाला 300 देतोय, आणि पुढच्या वर्षी तो आकडा कुठे न्यायचा आहे. दर वाढवायची वेळ ओळखणंही सोपं आहे. वर्षभरात काढलेल्यातली निम्म्याहून जास्त चित्रं विकली जात असतील तर 10 ते 15 टक्के वाढवा. एकदा वाढवलेला भाव खाली आणू नका, कारण आधी 26,000 देऊन गेलेल्या माणसाला तेच काम 18,000 ला दिसलं की तो परत येत नाही.

स्टुडिओत, गॅलरीत, इन्स्टाग्रामवर आणि काळा घोड्याच्या फुटपाथवर भाव एकच हवा. गॅलरीचा वाटा वाचतो म्हणून स्टुडिओतून 40 टक्के कमी भावात दिलं तर ते गॅलरीला कळतंच, आणि पुढचं प्रदर्शन जातं. सवलत द्यायची तर आधीच्या खरेदीदाराला किंवा एकदम दोन चित्रं घेणाऱ्याला, आणि जास्तीत जास्त 10 टक्के.

स्वतःच्या खर्चाने भरवलेलं प्रदर्शन

मुंबईत जहांगीर कला दालनाची तारीख मिळायला अर्ज केल्यापासून काही वर्षं जातात. वरळीचं नेहरू सेंटर, पुण्याचं बालगंधर्व कलादालन यांचेही अर्ज बरेच आधी करावे लागतात. तारीख हाती आली की आनंदात खर्चाचा कागद मांडायचा राहून जातो. उदाहरणादाखल एक मांडतो. आकडे तुमच्या गावचे घाला: दालनाचं भाडं 45,000, पंचवीस फ्रेमा 2,500 च्या दराने 62,500, टेम्पो 12,000, निमंत्रणं आणि कॅटलॉग 20,000, राहणं-जेवण 15,000, किरकोळ 5,500. एकूण 1,60,000. चित्राची सरासरी किंमत 18,000 आणि त्यातलं सामान 2,000 धरलं तर प्रत्येक विक्रीतून खर्चाकडे 16,000 येतात. म्हणजे दहा चित्रं गेल्यावर खर्च फिटतो, आणि मेहनतीचा पहिला रुपया अकराव्या चित्रापासून मिळतो. पंचवीसातली दहा जाणार नाहीत असं वाटत असेल तर फ्रेमांवरच पहिली कात्री लावा. कॅनव्हासच्या कडा रंगवून फ्रेमशिवाय लावलेली चित्रं आता कुणाला खटकत नाहीत.

लाल टिकली, म्हणजे चित्र विकल्याची खूण, पैसे आल्यावरच लावायची. "मी घेतो, संध्याकाळी सांगतो" म्हणणाऱ्यासाठी टिकली लावली तर बाकीचे ते चित्र बघतच नाहीत आणि संध्याकाळी तो माणूस फोन उचलत नाही. इसार म्हणून निदान 25 टक्के यूपीआयने घ्या आणि जागेवर पावती द्या. कुणाला विचार करायला वेळ हवा असेल तर 48 तास राखून ठेवा, त्यापुढे नाही.

ऑर्डरचं चित्र

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, विशेषतः व्यक्तिचित्रांत. वडील गेलेले असतात, घरच्यांकडे पासपोर्टच्या आकाराचा जुना फोटो असतो, तोही व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला. "थोडं हसरं करा" आणि "डोक्यावर फेटा दाखवा" या मागण्या चित्र पूर्ण होत आल्यावर येतात. घरच्यांचंही चुकत नाही. त्यांच्या मनात त्यांचे वडील आहेत आणि तुमच्यासमोर फक्त तो फोटो.

म्हणून पहिल्या भेटीत मूळ फोटो हातात मागा आणि स्वतः स्कॅन करा. ते जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो आकुंचित होत नाही. चेहरा मोठा करून बघा. बुबुळ आणि पापणी वेगळी दिसत नसेल तर साम्य किती येईल ते तिथेच स्पष्ट सांगा. दात दिसणारं हसू फोटोत नसेल तर ते कल्पनेने काढलं की चेहरा परका होतो, हेही तेव्हाच सांगा.

मग एका पानावर लिहा: आकार, माध्यम, किती व्यक्ती, पार्श्वभूमी काय, कुठल्या फोटोवरून, तारीख, किंमत, फ्रेम आणि पोचवणं त्यात आहे की नाही. पैसे तीन टप्प्यांत: ऑर्डर देताना 50 टक्के, रेखाटन मंजूर झाल्यावर 30, चित्र नेताना 20. पहिले 50 टक्के काम सुरू झाल्यावर परत मिळत नाहीत, हे त्याच पानावर असावं. रेखाटनात दोन वेळा बदल फुकट. रंग चढल्यावर बदल हवा असेल तर तासाच्या दराने, आणि तो दरही लिहिलेला. मंजुरी व्हॉट्सॲपवर "रेखाटन मंजूर" असं लिहूनच घ्या. अंगठ्याची खूण दिली की नंतर "मी फक्त बघितलं म्हणालो होतो" असं होतं.

आता हक्कांचा मुद्दा, जो फार थोड्या चित्रकारांना माहीत असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःहून काढलेल्या चित्राचे पहिले हक्क तुमचे असतात, आणि चित्र विकलं तरी कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. विकत घेणाऱ्याला चित्र भिंतीवर लावता येतं, पण त्याची कॅलेंडरं छापता येत नाहीत. मात्र याच कायद्याच्या कलम 17 मध्ये एक अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. म्हणजे ऑर्डरच्या चित्राची प्रिंट विकायचा हक्क तुम्हाला राहत नाही. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे. ऑर्डरच्या पानावर लिहा: "या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ग्राहकाला चित्र स्वतःजवळ ठेवण्याचा, लावण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. छपाई किंवा व्यावसायिक वापरासाठी चित्रकाराची लेखी परवानगी लागेल." खाली दोघांच्या सह्या.

एखादी कंपनी किंवा प्रकाशक हक्क मागत असेल तर कुठल्या वापरासाठी, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे तिन्ही लिहून घ्या. कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. "सर्व हक्क कायमचे" या ओळीवर सही करायची असेल तर किंमत मूळ चित्राच्या किमान दोन-तीन पट मागा, कारण त्या चित्रातून पुढे मिळणारं सगळं उत्पन्न तुम्ही एकदम सोडून देताय.

गॅलरीला चित्रं देताना

चित्रं ठेवून आलो आणि कागद काहीच नाही, ही नेहमीची गोष्ट. निदान दोन प्रतींत यादी करा: चित्राचं नाव, आकार, माध्यम, विक्रीची किंमत, फोटो. खाली गॅलरीची सही आणि शिक्का. त्या यादीत पुढच्या गोष्टी तोंडी न ठेवता लिहून घ्या. वाटा किती टक्के. गॅलरीने सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून जाईल. फ्रेम तुम्ही केली असेल तर तिचे पैसे वाटा काढण्याआधी वेगळे होतील का. 3,000 ची फ्रेम 26,000 च्या किमतीत धरली आणि 40 टक्के कापले तर फ्रेमचेही 1,200 रुपये गॅलरीला जातात. विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील (30 मागा). न विकलेली चित्रं कधी आणि कुणाच्या खर्चाने परत येतील. गॅलरीत पाणी शिरलं किंवा चित्र फाटलं तर भरपाई कुणी द्यायची. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि तरी तोच सहसा सुटतो.

कंपन्या, हॉटेलं, बिल्डर यांच्याकडे काम असेल तर परचेस ऑर्डर हाती आल्याशिवाय कॅनव्हास ताणू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. ती करून बिलावर क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद 2006 च्या कायद्यात आहे. ती ओळ बिलावर असली की हिशेब खात्यातला माणूस तुमचं बिल ढिगाच्या तळाशी टाकत नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात: फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. क्लास, कार्यशाळा अशी सेवाही देत असाल तर मर्यादा 20 लाखांची. हाताने काढलेल्या चित्रांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला. राज्याबाहेर माल पाठवताना नियम वेगळे आहेत. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना सवलत आहे पण ती अटींसह, तेव्हा पहिली परराज्यातली विक्री करण्याआधी सीएला एकदा विचाराच.

गिऱ्हाईक शोधणं

ज्याने एकदा चित्र घेतलं त्याच्याकडून दुसऱ्यांदा विक्री होण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. तरी बहुतेकांकडे आपल्या खरेदीदारांची यादीच नसते. साधी एक्सेल शीट करा: नाव, फोन, गाव, काय घेतलं, केव्हा, कुठे लावलं, काय आवडलं पण घेतलं नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. नवीन मालिका तयार झाली की ती आधी या लोकांना दाखवा, दोन-चार दिवसांनी इन्स्टाग्रामवर टाका.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करत असाल तर एक अडचण लक्षात घ्या: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. म्हणून प्रदर्शनात नंबर घेताना तिथल्या तिथे त्यांच्या फोनमध्ये तुमचं नाव सेव्ह करून घ्या.

इन्स्टाग्रामवर "किमतीसाठी मेसेज करा" लिहू नका. विचारायला संकोच वाटणारे लोक निघून जातात, आणि आपल्याकडे असे लोक खूप आहेत. आकार, माध्यम, किंमत, फ्रेम आहे की नाही आणि कुठून पाठवणार, हे पहिल्या चार ओळींत यावं. चित्राचा एक सरळ फोटो, एक पोताचा जवळून, एक सोफ्यावरच्या भिंतीवर लावलेला. आकाराचा अंदाज या तिसऱ्या फोटोशिवाय येत नाही, आणि "एवढंसंच आहे होय" ही तक्रार तिथूनच येते. फोटो खिडकीच्या उजेडात, थेट ऊन टाळून घ्या. फोन चित्राला समांतर धरा आणि थोडं मागे उभं राहून 2x लेन्स वापरा, नाहीतर कडा फुगलेल्या दिसतात. नेटवर टाकायची प्रत लांब बाजूला 1,500 पिक्सेलपेक्षा मोठी ठेवू नका. 24×36 ची चांगली प्रिंट काढायला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 7,200×10,800 पिक्सेल लागतात, तेव्हा 1,500 ची प्रत चोरून कुणाला मोठी प्रिंट काढता येणार नाही.

इंटिरियर डिझायनर हे चांगलं गिऱ्हाईक आहे, पण त्यांचा वाटा, साधारण 10 ते 15 टक्के, पहिल्याच बोलण्यात ठरवा आणि तो तुमच्याच भावातून द्या. वाट्यासाठी भाव वर चढवला तर तुमचा खरा भाव घरमालकाला इन्स्टाग्रामवर दिसतोच. दिवाळीच्या भेटींसाठी कंपन्यांचं ठरवणं ऑगस्ट-सप्टेंबरात होतं, ऑक्टोबरात फोन करून उपयोग नाही.

पाठवताना बबल रॅप रंगाला थेट लावू नका. उन्हात तापलेल्या टेम्पोत ॲक्रिलिकवर त्याचे गोल ठसे उठतात आणि ते जात नाहीत. आधी ग्लासीन कागद (गुळगुळीत, रंगाला सहसा न चिकटणारा), मग फोम, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गुंडाळून पाठवायचं असेल तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, निदान सहा इंच व्यासाच्या नळीवर. आत वळवलं तर उलगडताना रंगाला भेगा जातात. कुरिअरच्या विम्यात काच आणि कलावस्तू वगळलेल्या असतात का, ते वाचा. बऱ्याचदा असतात, म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिक शीट बसवा.

आणि प्रत्येक चित्राला क्रमांक द्या, उदाहरणार्थ 2025-014. तो मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलने लिहा. कॅनव्हासच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढून उमटतं. त्याच क्रमांकाने नोंदवहीत आकार, तारीख, लागलेले तास, सामानाचा खर्च, ते आता कुठे आहे आणि कितीला गेलं, एवढं लिहून ठेवा. लागलेल्या तासांचा रकाना चित्र पूर्ण झाल्यावर आठवून भरू नका. रोज काम संपलं की लिहा, कारण वर्षाअखेरी तासाचा दर पुन्हा काढताना हाच रकाना लागतो, आणि आठवून लिहिलेले तास नेहमी कमीच भरतात.